फोन हिसकावला, चेन ओढली: नागपुरात नव्याने राहायला आलेल्यांनी कोणत्या क्रमाने काय करायचं

नागपुरात शिकायला, मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रात) नोकरीला किंवा बदलीवर आलेल्या माणसाचा फोन रस्त्यावर हिसकावला गेला की पुढचे तास बहुतेकांचे सारखेच जातात. तो आधी गाडीमागे धावतो. मग कुणाच्या तरी फोनवरून स्वतःच्याच नंबरवर रिंग देत बसतो. खोलीवर जातो, रात्री मित्र सांगतात म्हणून पोलिसांच्या संकेतस्थळावर 'हरवल्याची' नोंद करतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सिम बंद करायला गॅलरीत उभा राहतो. यातल्या काही गोष्टी करायच्याच असतात, पण क्रम पार उलटा होतो. तोवर खात्यातले पैसे धोक्यात आलेले असतात, आणि नोंदच 'हरवलं' अशी झाल्यामुळे चोरीचा तपास सुरूही झालेला नसतो.

नव्याने आलेले लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुठली वस्ती चांगली, कुठली वाईट?" माझ्या मते हा प्रश्न फारसा कामाचा नाही. हिसकावणारे दुचाकीवर येतात आणि लगेच सटकता येईल असा रस्ता बघतात. त्यामुळे रिंग रोडलगतचा शांत ले-आउट (प्लॉट पाडून वसवलेली वस्ती), सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा रस्ता आणि बर्डीची, म्हणजे सीताबर्डी बाजाराची गर्दी, तिन्ही ठिकाणी सावध राहावं लागतं, फक्त वेगवेगळ्या गोष्टींसाठी. वस्तीचं नाव विचारण्यापेक्षा पुढची तयारी आजच्या आज करा.

## टप्पा १: घरी बसून करायची तयारी

ही तयारी टाळली तर पुढचे निम्मे टप्पे अडतात. घटना घडल्यावर ती करता येत नाही.

आयएमईआय क्रमांक. डायल पॅडवर *#०६# दाबा. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक दिसतील, दोन्ही लिहून घ्या. खरेदीच्या बिलाचा फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि घरच्या एका माणसाकडेही ठेवा. हे क्रमांक फक्त फोनमध्येच ठेवले तर फोनबरोबर तेही जातात. डबा फेकला असेल आणि बिलही सापडत नसेल तर दुकानदाराकडून किंवा ज्या ॲपवरून फोन घेतला तिथून बिलाची प्रत आजच काढा.

सिमला पिन. स्क्रीनला लॉक आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. सेटिंगमध्ये सिम लॉक सुरू करून स्वतःचा पिन ठेवा. फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसरीकडे घातलं की हा पिन मागितला जातो. ई-सिम असेल तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही, एवढा फायदा आहेच.

> सावधान: सिम पिन सुरू करताना कंपनीचा मूळ पिन विचारला जातो. अंदाजाने आकडे टाकू नका. तीन वेळा चुकलं की सिम अडकतं आणि पीयूके कोड लागतो. मूळ पिन आधी कस्टमर केअरकडून विचारून घ्या.

दुरून लॉक करण्याची सोय. अँड्रॉइडमध्ये 'फाइंड' सुविधा आणि चोरीपासून संरक्षणाच्या सेटिंगमधलं 'रिमोट लॉक' सुरू करा. रिमोट लॉक सुरू असेल तर नुसत्या मोबाइल नंबरवरून दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमधून स्क्रीन बंद करता येते. आयफोनमध्ये 'फाइंड माय' आणि 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' दोन्ही सुरू ठेवा.

इथे बहुतेकांची गाडी अडते ती अशी: दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या गूगल खात्यात शिरायला जावं, तर पडताळणीचा संदेश त्याच चोरीला गेलेल्या फोनवर जातो. म्हणून गूगल खात्याचे 'बॅकअप कोड' काढून कागदावर लिहा आणि कागद पाकिटात ठेवा. फोनच्या कव्हरमागे ठेवू नका. तिथे एटीएम कार्ड, मेट्रो कार्ड, आधारची झेरॉक्स असं काहीही ठेवू नका. फोनबरोबर सगळंच जाईल.

लॉक स्क्रीन. संदेशाचा मजकूर बंद स्क्रीनवर दिसणार नाही असं सेटिंग करा, नाहीतर ओटीपी फोन न उघडताच वाचता येतो. फ्लाइट मोडचं बटण लॉक उघडल्याशिवाय चालणार नाही अशी सोय असेल तर तीही करा. यूपीआयचा पिन आणि स्क्रीनचा पिन वेगळे ठेवा. पाहणाऱ्याला कळेल असा जन्मसालाचा पिन असेल तर बदला.

कागदी यादी. ११२, १९३०, तुमच्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, घरच्या एकाचा आणि रूममेटचा नंबर. शेवटचे दोन तरी पाठ हवेत.

सोनं. चेन, मंगळसूत्र, कानातले यांचं बिल आणि अंगावर घातलेला एक स्पष्ट फोटो. पुढे वस्तू सापडली तर ती तुमचीच आहे हे दाखवायला हाच फोटो लागतो.

> तपासून पाहा: आज रात्री रूममेटचा फोन घ्या आणि त्यावरून स्वतःचा फोन लॉक करून दाखवा. कुठे अडता ते आत्ताच कळेल.

## टप्पा २: रस्त्यावर

फोन जातो तो बहुधा हातातूनच. रस्त्याच्या कडेला उभं राहून रिक्षा किंवा कॅबची वाट बघताना, नकाशा बघत चालताना, सिग्नलवर ॲक्टिव्हा थांबवून संदेश वाचताना. गाडी बुक करायची असेल तर दुकानाच्या पायरीवर चढा, पाठ भिंतीकडे ठेवा, बुक करा आणि फोन खिशात टाकून मगच कडेला या. गाडीचा नंबर तोंडपाठ करून ठेवला की पुन्हापुन्हा फोन काढावा लागत नाही.

पायी चालताना रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला. समोरून येणारी गाडी दिसते. बॅग उजव्या खांद्यावर, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला. डाव्या बाजूने चाललात तर दुचाकी मागून येते आणि कळेपर्यंत हात रिकामा झालेला असतो.

दुचाकीवर पर्स खांद्याला अडकवू नका. पट्टा ओढला तर पर्स तर जातेच, तुम्हीही गाडीसकट पडता. पुढच्या हुकला नुसती लटकवलेली पर्सही सिग्नलवर सहज उचलली जाते. डिकी आहे, ती वापरा.

उन्हाळ्यातली दुपार वेगळी समजा. पारा ४५ च्या आसपास गेला की एक ते चारच्या दरम्यान ले-आउटमधले रस्ते ओस पडतात, आणि उन्हासाठी प्रत्येकाच्याच तोंडाला दुपट्टा असतो. तोंड बांधलेले दोघे दुचाकीवरून येताना बघून इथे कुणालाच वावगं वाटत नाही. क्लासहून एकटं परतताना मधली गल्ली सोडून दुकानं उघडी असलेला रस्ता धरा, दोन मिनिटं जास्त लागली तरी.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी. मंगळसूत्र घरी ठेवून जा असं सांगणं सोपं आहे. अनेक जणींना ते पटत नाही आणि तो त्यांचा प्रश्न आहे. पण मग गळाबंद कुर्ता घाला, मंगळसूत्र आत राहू द्या. वरून घेतलेली ओढणी वाऱ्याने सरकते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. दुचाकीवरचा माणूस जवळ येऊन "काकू, हा पत्ता कुठं येते?" असं विचारू लागला तर तिथूनच, हात पुरणार नाही इतक्या अंतरावरून उत्तर द्या. कागद बघायला पुढे वाकू नका. चांगला माणूस असेल तर त्याला काही वाईट वाटणार नाही.

तोतया पोलीस. ही युक्ती जुनी आहे, तरी वयस्कर माणसं अजून फसतात. साध्या कपड्यातले दोघे थांबवतात, ओळखपत्रासारखं काहीतरी चमकवतात आणि सांगतात, "पुढं मर्डर झाला, चेकिंग सुरू आहे. अंगावरचं काढून रुमालात बांधून ठेवा." बांधून देण्याच्या निमित्ताने दागिने त्यांच्या हातात जातात आणि घरी रुमाल सोडल्यावर आत दगड निघतात. खरे पोलीस कुणालाही रस्त्यात दागिने काढायला लावत नाहीत. असं कुणी म्हणालं की वाद घालू नका, जवळच्या दुकानात शिरा आणि ११२ लावा. घरातल्या आजी-आजोबांना हे एकदा सांगून भागत नाही. दोन-तीनदा बोलून घ्या.

चारचाकीवाल्यांसाठी. "तुमच्या गाडीतून ऑईल गळते आहे", "तुमचे पैसे पडले", "टायर बसला". ऐकून माणूस उतरतो, दार उघडंच राहतं आणि सीटवरची बॅग जाते. बँकेतून रोख काढून निघाल्यावर हे जास्त घडतं. उतरावंच लागलं तर किल्ली काढा, सगळी दारं लॉक करा, मग बघा. रोकड जवळ असेल तर उतरूच नका, पेट्रोल पंपापर्यंत गाडी न्या.

गर्दी. बर्डीचा मेन रोड, महाल, इतवारी, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, रामनवमीची शोभायात्रा, जामठ्याच्या स्टेडियमवरचा क्रिकेट सामना. इथे फोन हिसकावला जात नाही, काढून घेतला जातो. शर्टाचा खिसा आणि पँटचा मागचा खिसा दोन्ही रिकामे ठेवा. गणेशपेठ बसस्थानकावर एसटीच्या दारात रेटारेटी होते तेव्हा एक हात खिशावरच हवा. रेल्वेत दारात उभं राहून फोन वापरू नका. आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, गाडी हळू झाली की खालून हातावर फटका मारून फोन पाडणारे असतात.

## टप्पा ३: घडताना आणि पुढची दोन मिनिटं

१. सोडून द्या. पट्टा, चेन, फोन, काहीही धरून ठेवू नका. ओढाताणीत गळ्याला जखम होते, चालत्या गाडीमागे माणूस फरफटतो. हिसकावणाऱ्यांकडे कुठलं हत्यार आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

२. मागे धावू नका, बघा. चेहरा बघण्यात वेळ घालवू नका, तो बहुतेक झाकलेलाच असतो. गाडी बघा. नंबरचे शेवटचे चार आकडे पुरेसे आहेत. पूर्ण नंबर वाचायच्या नादात काहीच लक्षात राहत नाही. मग सुरुवात: एमएच ३१, एमएच ४९ की एमएच ४०, की बाहेरचा. मग गाडीचा रंग, स्कूटर की मोटरसायकल, मागे बसलेल्याच्या चपला-बूट, शर्टाचा रंग. शेवटी, कुठल्या चौकाकडे गेले.

३. मोठ्याने म्हणा. हे सगळं शेजारी उभ्या माणसाला बोलून दाखवा आणि त्याच्या फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. दहा मिनिटांनी तुमच्याच डोक्यातला शर्टाचा रंग बदललेला असतो.

४. ११२ लावा. 'बर्डीत' किंवा 'रिंग रोडवर' एवढ्याने गाडी पोहोचत नाही. चौकाचं नाव, समोरच्या दुकानाचा बोर्ड सांगा. मेट्रोच्या मार्गाखाली असाल तर खांबावरचा क्रमांक सांगा. चोर कुठल्या दिशेने गेले हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या.

> सावधान: मार लागला असेल तर आधी दवाखाना. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा आणि 'चोरांनी ओढल्यामुळे पडलो' हे केसपेपरवर लिहायला सांगा. 'गाडीवरून पडलो' असं लिहिलं गेलं तर पुढे गुन्ह्याचं कलमच बदलू शकतं.

## टप्पा ४: पहिला अर्धा तास, दुसऱ्याच्या फोनवरून

इथे क्रम मोडू नका.

आधी फोन लॉक. सिम बंद केलं की फोनचं इंटरनेट जातं आणि लॉकचा आदेश फोनपर्यंत पोहोचत नाही. म्हणून सिमच्या आधी लॉक. अँड्रॉइडला रिमोट लॉक किंवा 'फाइंड', आयफोनला आयक्लाउडवरून 'लॉस्ट मोड'. नकाशावर ठिकाण दिसलं तर स्क्रीनशॉट काढा. उघडा फोन हातातून गेला असेल तर हे काम एका मिनिटात व्हायला हवं. दोन मिनिटांत जमलं नाही तर तिथेच सोडा आणि पुढे चला.

मग सिम. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून सिम तात्पुरतं बंद करायला सांगा. सिम बंद झालं की ओटीपी बंद.

मग बँक. यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड तिन्ही बंद करायला सांगा. नुसतं "कार्ड ब्लॉक करा" म्हटलं तर यूपीआय सुरूच राहतं. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतर जे अनधिकृत व्यवहार होतात त्यांचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. ती वेळ तुमच्याकडे लिहिलेली हवी. खाती दोन बँकांत असतील तर दोन्हींना फोन.

पैसे गेलेच असतील तर १९३०. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम पुढच्या खात्यात थांबवण्याची शक्यता जास्त. यासाठी पोलीस ठाण्यातलं काम होईपर्यंत थांबू नका.

> सावधान: नकाशावर फोन एखाद्या घरात किंवा दुकानात दिसला तरी स्वतः तिथे जाऊ नका, मित्रांना घेऊनही नाही. ठिकाण दहा-वीस घरं इकडेतिकडे चुकतं. ते पोलिसांना दाखवा.

> सावधान: पुढचे काही दिवस घरच्यांच्या नंबरवर "तुमचा फोन सापडला आहे, इथे लॉगिन करा" असा संदेश येऊ शकतो. तो चोराकडून असतो. ॲपलचा किंवा गूगलचा पासवर्ड कुठेही टाकू नका आणि फोन तुमच्या खात्यातून कधीही काढून टाकू नका. तो खात्याला जोडलेला असतो म्हणूनच चोराला उघडता येत नाही.

## टप्पा ५: पोलीस ठाणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

त्याच दिवशी जा. आजूबाजूच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांत चित्रण काही दिवसच राहतं, त्यावर नवं चढत जातं. ठाण्यात जाण्याआधी पाच मिनिटं काढून समोरच्या दुकानदाराला विनंती करा: "दादा, अमुक वेळेचं रेकॉर्डिंग पुसू देऊ नका, पोलीस येतील." चित्रण मोबाइलवर काढून आणण्यापेक्षा ते मूळ यंत्रात शाबूत राहणं महत्त्वाचं. पुरावा म्हणून ते रीतसर प्रमाणपत्रासह पोलीसच घेतात.

हद्दीवरून परत फिरू नका. नागपुरात रस्त्याची एक बाजू एका ठाण्याची आणि दुसरी दुसऱ्याची, असं ठिकठिकाणी आहे. "हे आमच्याकडे येत नाही, बजाजनगरला जा" असं ऐकून लोक तीन ठाणी फिरतात आणि कंटाळून घरी जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर तो कुठल्याही हद्दीत घडला असला तरी घ्यावी लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. शांतपणे कलमाचा उल्लेख करा, आवाज चढवू नका. रेल्वेगाडीत किंवा स्टेशनात घडलं असेल तर लोहमार्ग पोलीस. धावत्या गाडीत असाल तर १३९.

काय घडलं ते जसंच्या तसं सांगा. नवखा माणूस घाईत "फोन गेला" म्हणतो आणि कागदावर 'गहाळ' येतं. ऑनलाइन 'हरवल्याची' नोंदही याच प्रकारची असते: त्यात गुन्हाच नसतो, म्हणून तपासही नसतो, आणि विमा कंपनी चोरीचा दावा मान्य करत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत हे प्रकार वेगवेगळे आहेत. नकळत काढून घेतला तर चोरी, कलम ३०३. हिसकावून नेला तर कलम ३०४; यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि वस्तूच्या किमतीची अट नाही. मारहाण केली किंवा चाकू दाखवला तर जबरी चोरी, कलम ३०९.

किमतीचा मुद्दा नीट समजून घ्या. साध्या चोरीत वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो आणि पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. "जुनाच होता, असेल तीन-चार हजारांचा" असं सहज बोलून जाऊ नका. बिल दाखवा, खरी किंमत सांगा. वाढवूनही सांगू नका. खोटं पुढे उघडं पडतं.

फिर्याद घरून लिहून नेली तर गोष्टी सुटत नाहीत. साधारण अशी:

> मी (नाव), राहणार (पत्ता), दि. — रोजी सायंकाळी — वाजताच्या सुमारास — चौकाकडून — चौकाकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने पायी जात असताना, — दुकानासमोर मागून आलेल्या काळ्या रंगाच्या मोटरसायकलवरील दोन अनोळखी इसमांपैकी मागे बसलेल्याने माझ्या हातातील (कंपनी, मॉडेल, रंग) मोबाइल जबरदस्तीने हिसकावून नेला. गाडीच्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे —. ते — चौकाच्या दिशेने गेले. मोबाइलचे आयएमईआय क्रमांक — व —, सिम क्रमांक —. बिलानुसार किंमत — रुपये. समोरील दुकानात सीसीटीव्ही कॅमेरा आहे.

'हिसकावून' हा शब्द आणि गाडीची दिशा या दोन गोष्टी कागदावर आहेत की नाही, हे पुन्हा बघा.

सही करण्याआधी वाचा. लिहिलेली खबर तुम्हाला वाचून दाखवलीच पाहिजे. मराठी वाचता न येणारा सहकारी, परप्रांतातला किंवा परदेशातला, तुमच्या ऑफिसात किंवा शेजारी असेल तर त्याच्याबरोबर जा आणि प्रत्येक ओळ त्याच्या भाषेत सांगा. एकटा गेलेला माणूस न कळता सही करून येतो, आणि हे मला फार वाईट वाटतं.

प्रत घ्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तिच्यावर अपराध क्रमांक आणि कलम असतं. शिक्का मारलेला साधा अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे.

ईमेलसारख्या मार्गाने खबर देता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. ज्यांना जमतं त्यांनी थेट ठाण्यातच जावं. साक्षीदार म्हणून जबाबाची गरज पडली तर महिलांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. सकाळच्या फेरीत चेन गेलेल्या आजींबरोबर आजोबा होते, तर त्यांच्या जबाबासाठी हे लक्षात ठेवा.

नोंद घेतलीच नाही तर: आधी ठाणेदारांना भेटा. कामावरचे अंमलदार नाही म्हणाले म्हणजे ठाणं नाही म्हणालं असं होत नाही, आणि बरीचशी कामं इथेच मार्गी लागतात. तरीही नाही झालं तर त्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना तीच फिर्याद लेखी, स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपा. त्यानंतरचा मार्ग दंडाधिकारी न्यायालयाचा, तेव्हा वकील लागेल.

परदेशी नागरिकाचा पासपोर्ट गेला असेल तर क्रम असा: एफआयआर, मग आपल्या देशाचा दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास यांच्याकडून नवा पासपोर्ट किंवा तातडीचं प्रवासपत्र, आणि त्यानंतर ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर व्हिसा किंवा देश सोडण्याच्या परवानगीचा अर्ज. तिकीट आधी काढू नका. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या प्रती खोलीवर वेगळ्या ठेवलेल्या असतील तर सगळंच सोपं जातं.

> तपासून पाहा: ठाण्यातून निघताना हातात तीन गोष्टी हव्यात: एफआयआरची प्रत, तपास अधिकाऱ्याचं नाव, त्यांचा संपर्क क्रमांक.

## टप्पा ६: डुप्लिकेट सिम आणि फोनला कुलूप

आधी सिम, मग सीईआयआर, म्हणजे चोरीचे फोन ब्लॉक करणारी सरकारी यंत्रणा. उलट करायला गेलात तर ओटीपीवर अडता.

ओळखपत्र आणि एफआयआर घेऊन कंपनीच्या गॅलरीत त्याच नंबरचं सिम घ्या. सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत; फसवणूक टाळण्यासाठी हा नियमच आहे. सिम खराब आहे असं समजून लोक पुन्हा गॅलरीत चकरा मारतात, ते करू नका. या काळात यूपीआयही नव्याने सुरू होणार नाही, तेव्हा हजारभर रुपये रोख जवळ ठेवा. व्हॉट्सॲप मात्र फोन कॉलवरून कोड मागवून सुरू करता येतं. तुम्ही नव्या फोनवर ते सुरू केलं की जुन्या फोनवरचं आपोआप बंद पडतं. सिम पिन लगेच पुन्हा लावा.

एसएमएस सुरू झाले की संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर विभागात जा आणि हरवलेला किंवा चोरीचा मोबाइल ब्लॉक करण्याचा अर्ज भरा. दोन्ही आयएमईआय, एफआयआरची प्रत, बिल, ओळखपत्र. अर्ज झाल्यावर मिळणारा विनंती क्रमांक जपून ठेवा, पुढे तोच लागतो. यानंतर तो फोन भारतात कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घालून बघितलं तर तो माग पोलिसांना मिळू शकतो. ठाण्यातूनही हा अर्ज भरला जातो. तिथे भरला असेल तर विनंती क्रमांक मागून घ्या, दोनदा भरू नका.

## टप्पा ७: पाठपुरावा आणि वस्तू परत घेणं

एफआयआर केली की लोक विसरून जातात. पंधरा दिवसांनी तपास अधिकाऱ्यांना फोन करा, नवी माहिती असेल तर तीच सांगायला करा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याची तरतूद कायद्यातच आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको. ठाण्याच्या डीबी (गुन्हे शोध) पथकाने किंवा गुन्हे शाखेने एखादी टोळी पकडल्याची बातमी वाचली की त्याच दिवशी ठाण्यात विचारा. एका टोळीकडे बऱ्याच ठाण्यांच्या हद्दीतला माल निघतो आणि ज्याचा आयएमईआय नोंदलेला असतो त्याचाच फोन ओळखता येतो.

फोन किंवा चेन सापडली तरी ती लगेच हातात मिळत नाही. ती मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा असते. न्यायालयात अर्ज करून ती सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) घ्यावी लागते, आणि तिथे बिल व तो अंगावर घातलेला फोटो कामी येतो. सुपुर्दनाम्यावर मिळालेली वस्तू खटला चालू असेपर्यंत विकता किंवा मोडता येत नाही. न्यायालयाने मागितली तर हजर करावी लागते. सोनं मोडून नवं करायची घाई इथे महागात पडते.

फोन परत मिळाल्यावर सिम घालून बघू नका. आधी सीईआयआरवर त्याच विनंती क्रमांकाने ब्लॉक काढा, नाहीतर तो नेटवर्कच पकडणार नाही. पुसण्याआधी तपास अधिकाऱ्यांना विचारा, कारण आतलं काही पुरावा म्हणून लागू शकतं. ते हो म्हणाले की फोन पूर्ण रिसेट करा, मगच बँकेची ॲप्स चढवा.